‘ताई, तुम्ही सांगाल तिथं सही करते’

पत्र

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्तीत, एका संस्थेच्या टीआय प्रकल्पावर, म्हणजे एचआयव्ही रोखण्याच्या प्रकल्पावर, ओआरडब्ल्यू म्हणजे वस्तीत फिरणारी कार्यकर्ती आहे. निरोध पोचवणं, बायकांना एचआयव्हीच्या तपासणीसाठी आयसीटीसी या सरकारी केंद्रात नेणं, कुणी पॉझिटिव्ह निघाली तर एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी सेंटरला तिच्यासोबत जाणं, हे माझं काम. आता आमच्या संस्थेकडे एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या एका नव्या इंजेक्शनच्या चाचणीचं काम येणार आहे. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की वस्तीतून बायका आणायच्या आणि दर बाईमागे मला पगाराशिवाय वेगळे पैसे मिळतील. बायकांना येण्याजाण्याचे आणि बुडालेल्या कमाईचे पैसे मिळणार आहेत. घरवालींशी, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बायकांशी, सर स्वतः बोलणार आहेत.

मी काही जणींजवळ विषय काढला. एक म्हणाली, “आमच्या अंगात रोग सोडून बघणार असतील.” दुसरी म्हणाली, “ताई, तुम्ही सांगाल तिथं सही करते, मला वाचून दाखवू नका.” पहिलीला मी जमेल तसं समजावलं. दुसरीच्या बोलण्याने मात्र माझी झोप उडाली. उद्या तिला काही झालं तर? आणि मी नको म्हणाले आणि औषध खरंच चांगलं निघालं तर? माझी नोकरी याच संस्थेत आहे. सोडून देऊ का?

– नाव छापू नये

उत्तर

प्रिय ताई,

तुमची झोप योग्य बाईच्या बोलण्याने उडाली. जी शंका घेते तिच्याशी बोलता येतं. जी डोळे मिटून सही करते तिच्या सहीचा भार तुमच्यावर येतो, आणि तो तुम्ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

औषध चांगलं की वाईट याचा घोर तुम्ही करू नका. ते आधीच ठरलेलं असतं तर चाचणी कशाला घेतली असती? तुम्ही बघायचं ते एवढंच की वस्तीतल्या बाईला ‘नाही’ म्हणता येतंय का, सही केल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ‘आता पुरे’ म्हणता येतंय का, आणि ‘मी औषध घेतलं नाही’, ‘त्या रात्री निरोध नव्हता’ असं खरं बोलता येतंय का. हे शक्य असेल तर चाचणीच्या बाजूने खुशाल उभ्या राहा. नसेल तर औषध कितीही गुणी असलं तरी त्यात आपलं नाव घालू नका.

आता पहिल्या बाईची शंका. इंजेक्शनमध्ये रोग नसतो आणि मुद्दाम कुणाला लागण करत नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं औषध किंवा औषध नसलेलं नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं हे बहुतेक वेळा ना बाईला माहीत असतं ना डॉक्टरला. निरोध, समुपदेशन, गुप्तरोगावरचे उपचार सगळ्यांनाच देतात. तरीही काही जणींना लागण होते, कारण गिऱ्हाईक निरोध नाकारतं आणि घरचा मालक, म्हणजे कायमचा जोडीदार, तर नाकारतोच. मग कुठल्या गटात किती जणींना झाली ते मोजतात. म्हणजे कुणाला तरी लागण होणार हे धरूनच हा अभ्यास आखलेला असतो. संमतीपत्रात ही गोष्ट फार गुळगुळीत शब्दांत येते. तुम्ही ती बायकांना सरळ सांगा. हे कळल्यावरही ‘मला यायचं आहे’ म्हणणारी बाई खरी तयार झालेली असते.

आणि औषधाने कधी नुकसान होतच नाही, असं चुकूनही सांगू नका. झालेलं आहे. नोनॉक्सिनॉल-९ नावाचं योनीत लावायचं जेल होतं, त्याने एचआयव्ही टळेल अशी आशा होती. बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या धंदा करणाऱ्या बायकांवर त्याची चाचणी झाली. २००० साली डरबनच्या एड्स परिषदेत निकाल आला तेव्हा जेल वापरणाऱ्यांमध्ये लागण कमी होण्याऐवजी जास्त निघाली. सेल्युलोज सल्फेट नावाच्या दुसऱ्या जेलची चाचणी तर आपल्या अगदी शेजारी, कर्नाटकातल्या बागलकोटमध्ये आणि चेन्नईतही चालू होती. जानेवारी २००७ मध्ये ती मध्येच थांबवली, कारण तोवरच्या आकड्यांत जेलच्या गटात लागण जास्त दिसत होती. पुढे सगळा हिशेब झाल्यावर ते नुकसान तितकं ठाम ठरलं नाही, पण फायदाही काही नव्हता. वेळेवर थांबवता आली, कारण चाचणी चालू असताना आकडे बघणारी वेगळी समिती असते. तुमच्याकडेही ती कोण आहे आणि काय दिसलं तर थांबवणार, हे विचारा.

इंजेक्शनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गोळी नको झाली की बाई ती घेणं थांबवते. लांब पल्ल्याचं इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही. शेवटच्या टोचणीनंतर औषध कित्येक महिने अंगात कमी कमी होत उरतं. त्या काळात ते संरक्षणाला पुरत नाही, पण लागण झालीच तर विषाणूला त्या औषधाची सवय व्हायला पुरतं. मग पुढे त्याच जातीची औषधं उपचारात लागू पडेनाशी होऊ शकतात. म्हणून ‘केव्हाही बाहेर पडा’ एवढं छापलेलं पुरेसं नाही. बाहेर पडलेल्या बाईला पुढचे महिने रोजची गोळी कोण देणार, तपासण्या कोण करणार, हे त्याच कागदावर लिहिलेलं हवं. टोचण्याआधी दर वेळी नीट तपासणी का करायची, तेही यावरून बायकांना समजावता येईल. नुकतीच लागण झालेली असेल तर साध्या किटवर ती दिसत नाही.

आता त्या दुसऱ्या बाईकडे येते. तिचा विश्वास तुमच्यावर आहे आणि तो तुम्ही वर्षानुवर्षांच्या कामाने कमावला आहे. चाचणीवाल्यांना नेमका तोच हवा आहे. तो त्यांना आयता मिळाला तर संमतीपत्राला काही अर्थ उरत नाही. तिला सांगा, “मी सांगते म्हणून करायचं असेल तर मी नको सांगते.” ऐकायला कठोर वाटेल. पण मग ती निदान विचारेल, की का नको? तिथून बोलणं सुरू होतं. माहितीपत्रक तिला वाचून दाखवा आणि मग तिलाच उलट विचारा की तुला काय समजलं, पाण्याचं इंजेक्शन मिळू शकतं हे तुझ्या लक्षात आलं का, लागण झाली तर काय करणार. तिने तिच्या शब्दांत सांगितलं तरच पुढे. सही त्याच दिवशी घेऊ नका. कागद घरी नेऊ दे, दोन-चार जणींत बोलू दे.

अशी आंधळी सही फक्त त्या बाईलाच महागात पडत नाही, अख्ख्या अभ्यासाचं मातेरं करते. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये व्हॉइस नावाची मोठी चाचणी झाली. ५,०२९ बायका होत्या. रोजची गोळी आणि जेल यांचा उपयोग होतो का, हे बघायचं होतं. विचारलं की बायका सांगायच्या, घेतो. उरलेल्या गोळ्या मोजल्या तरी हिशेब जुळायचा, साधारण ९० टक्के औषध घेतलेलं दिसायचं. २०१३ मध्ये रक्ताचे नमुने तपासून निकाल आला तेव्हा दर दहापैकी साधारण सात नमुन्यांत औषधाचा पत्ताच नव्हता. नंतर बायकांशी निवांत बोलल्यावर कारणं कळली. ही एचआयव्हीच्या उपचाराची गोळी आहे, डबी कुणी पाहिली तर मला झालाय असं म्हणतील. नवऱ्याला काय सांगू? दुष्परिणाम झाले तर? काही जणी तपासण्या आणि उपचार फुकट मिळतात म्हणून टिकून होत्या, आणि खरं सांगितलं तर काढून टाकतील ही धास्ती होती. या बायकांना खोटारड्या म्हणणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. ज्या खोलीत ‘नाही घेतली’ म्हणायची सोय नाही, तिथं कुणीही ‘घेतली’च म्हणेल. आपल्याकडे तर ताईला वाईट वाटू नये म्हणूनही म्हणेल.

म्हणून दर बाईमागे मिळणारे पैसे तुम्ही घेऊ नका, आणि हे पहिल्याच मीटिंगला सांगा. तुमच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण तिसऱ्या आठवड्यात मुलाची फी भरायची असेल आणि समोरची बाई ‘बघू’ म्हणत असेल, तेव्हा तुमच्याच तोंडून एखादं वाक्य जास्तीचं जाईल. जादा कामाचा जादा पगार मागा, तो तुमचा हक्क आहे. मात्र बाई आली काय, न आली काय, पगार तोच हवा. दुसरं म्हणजे वाचता न येणाऱ्या बाईची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार लागतो. तुम्ही प्रकल्पाच्या पगारावर असाल तर ती जागा तुमची नाही. कुणी ‘ताई, तुम्हीच इथं सही करा’ म्हणालं तर पेन खाली ठेवा. संमतीची नोंद करायची म्हणून बायकांचा व्हिडिओ काढणार असतील तर तोही थांबवा. नव्या औषधांच्या चाचण्यांत दुर्बल गटांच्या संमतीचं चित्रण करावं लागतं, पण एचआयव्हीच्या औषधांसाठी आपल्या नियमांनी खास सूट दिली आहे. तिथं फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नाही.

घरवालींशी सर बोलणार, हे वाचून मी थांबले. वस्तीत शिरायचं तर तिच्याशी बोलावंच लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण तिची परवानगी दारापर्यंतची. आत बाईच्या अंगाला काय टोचायचं ते ती ठरवू शकत नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देऊन बघण्याचा प्रकल्प चालला. कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढे प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ती लस आज जगभर दिली जाते, चांगली आहे. तरीही त्या सह्या चुकीच्याच होत्या. वस्तीत याच गोष्टीचं दुसरं रूप दिसेल. प्रवासखर्चाचे पैसे बाईच्या हातात पडून संध्याकाळी घरवालीकडे जातील, आणि मग एखादीला त्या पैशांसाठीच पाठवलं जाईल. पैसे कसे द्यायचे, किती द्यायचे, यावर सही होण्याआधी बायकांचंच मत घ्या. त्यांना यातून वाट काढता येते.

तुम्हाला वाटेल, आपण कोण एवढ्या अटी घालणारे. २००४ साली कंबोडियात, नॉम पेन्हमध्ये, एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या टेनोफोव्हिर या गोळीची अशीच चाचणी धंदा करणाऱ्या बायकांवर व्हायची होती. तिथल्या बायकांच्या संघटनेने विचारलं, की या गोळीने पुढे काही झालं तर आमच्या उपचाराचं कोण बघणार? त्यांनी दीर्घ मुदतीचा आरोग्य विमा मागितला. समाधानकारक उत्तर मिळालं नाही. आंदोलन झालं आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणीच बंद केली. पुढच्याच वर्षी कॅमेरूनमधली तशीच चाचणीही अशाच वादात थांबली. तेव्हा संशोधकांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की बायकांनी विज्ञानाचं नुकसान केलं. मला तसं वाटत नाही. त्यांचा प्रश्न अगदी वाजवी होता आणि तो त्यांना निषेधाचे फलक घेऊन विचारावा लागला, यातच सगळं आलं. त्या वादानंतरच, २००७ मध्ये, वस्तीला सुरुवातीपासून सोबत घेऊन चाचणी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं यूएनएड्सने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने, काढली. पण नुकसान झालं हेही खरं. हीच औषधं रोज घेतली तर लागण टळते, हे २०१० आणि २०११ मध्ये दुसरीकडच्या चाचण्यांतून सिद्ध झालं. नॉम पेन्हच्या बायकांना ते उत्तर आधी आणि त्यांच्या अटींवर मिळू शकलं असतं.

म्हणून ‘नकोच ती भानगड’ म्हणून वस्तीचं दार लावून घ्या, असं मी सांगणार नाही. बायकांना जपायचं म्हणून चाचण्यांतून बाहेर ठेवलं की औषध पुरुषांवर तपासून बाजारात येतं आणि बायकांच्या शरीरात ते कसं वागतं याचा अंदाज बांधत बसावं लागतं. आणि चाचणीतून मिळतं ते किती मोठं असू शकतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांची एचपीटीएन ०५२ ही चाचणी नऊ देशांत झाली. भोसरीची तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आपण नारी म्हणायचो ती, त्यात होती. अर्ध्या जोडप्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच एआरटी सुरू केली. बाकीच्यांना, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली येईपर्यंत थांबवलं. मे २०११ मध्ये निकाल वेळेआधी जाहीर करावा लागला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याच्या २८ घटना सापडल्या होत्या, त्यातल्या २७ थांबलेल्या गटात आणि १ लगेच औषध घेणाऱ्या गटात. त्यानंतर सगळ्यांनाच औषध देऊ केलं. आज तुम्ही एआरटी सेंटरबाहेर बसून एखाद्या पॉझिटिव्ह बाईला सांगता की गोळ्या नीट घे, व्हायरस दबला की तुझ्या माणसाला धोका राहत नाही, ते या जोडप्यांमुळे सांगू शकता. आणि त्या २७ जणांनी त्याची किंमत मोजली. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात धरायला जड जातात. पण यातली एक सोडून दिली की माणूस एक तर चाचणीचा दलाल होतो किंवा तिचा आंधळा विरोधक.

नियम तेव्हापासून पुढेही गेले आहेत. रोजची प्रतिबंधक गोळी आज भारतात बनते आणि विकली जाते. त्यामुळे एका गटाला नुसतं पाणी टोचून बघत बसायचं असं कुणी आखलं असेल तर मी तरी त्याला साफ विरोध करेन. निदान गोळी तरी प्रत्येकीला मिळायला हवी. हे करता येतं. लेनाकॅपाव्हिर या सहामाही इंजेक्शनच्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत प्रत्येक मुलीला खरं औषध मिळालं होतं, कुणाला इंजेक्शन, कुणाला गोळी. जून २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झालेली नव्हती.

पण पुढचाही भाग ऐका. अमेरिकेत त्याची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे. स्वस्त प्रत बनवायचे परवाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना दिले, त्यात आपल्या पुण्याची एम्क्युअर आहे, आणि २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास ते मिळेल असं जाहीर झालं आहे. हे १२० देशांसाठी. ब्राझील, पेरू, अर्जेंटिना आणि मेक्सिको या देशांतल्या लोकांनी याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत शरीर दिलं, पण त्यांचे देश त्या यादीत नाहीत. तेव्हा सरांना विचारा, की औषध लागू पडलं तर ज्या बायकांनी भाग घेतला त्यांना ते किती वर्षं आणि कुणाच्या खर्चाने मिळेल? आणि पैसे मध्येच आटले तर काय? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने मदत एकाएकी थांबवली तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत बायकांच्या शरीरात बसवलेली साधनं तशीच होती आणि कर्मचाऱ्यांना काम बंद करण्याचा हुकूम आला होता.

लागण झालीच तर ‘एआरटी सेंटरला सरकारी औषध फुकट आहे’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. औषध फुकट आहे, ते खरं. पण चाचणीतल्या बाईला तिथं नेणार कोण, तिच्या औषध-प्रतिकाराची तपासणी कोण करणार, गाडीभाडं आणि बुडालेला दिवस कुणाकडे? २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे औषधामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावीच लागते. पण गिऱ्हाईकाकडून झालेली लागण ही ‘औषधामुळे झालेली इजा’ धरली जाईल याच्या भरवशावर राहू नका. ते आधीच कागदावर उतरवून घ्या.

नोकरी सोडू नका, ताई. तुम्ही सोडली तर तुमच्या जागी येणारी ‘दर बाईमागे किती’ एवढंच विचारेल. सरांकडे मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्राचा कोरा नमुना मागा आणि चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषध चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक घ्या. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि नेटवर कुणालाही बघता येते. माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांचे हक्क जपणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. उत्तरं मिळाली नाहीत तर त्यावर फोन करायला तुम्हाला सरांची परवानगी लागत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही तपासणी करायला, आणि पॉझिटिव्ह व्यक्तीवर किंवा तिच्यासोबत राहणाऱ्यांवर संशोधन करायला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या. आणि ज्या बाया नको म्हणतील त्यांचे निरोध, त्यांची तपासणी, त्यांच्याशी तुमचं बोलणं यात तिळमात्र फरक पडणार नाही, हे सरांच्या सहीने लिहून घ्या आणि वस्तीत चार जणींसमोर मोठ्याने वाचून दाखवा. नाव नोंदवायला सुरुवात त्यानंतर.